पिवळ्या पट्ट्याच्या वर

१४ जून

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी डायरी लिहायला बसले आहे, कारण मनातलं सांगायला आता कोणी उरलेलं नाही. आजवर ही वेळ आली नव्हती. संध्याकाळी पाच वाजले की कॉलनीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमायच्या. कोणी मेथी निवडायला आणायची, कोणी वाती वळत बसायची, कोणी नुसतंच सुनेचं गाऱ्हाणं घेऊन यायची. चहा माझा. जास्तीचे कप मी त्यासाठीच घेऊन ठेवले होते. कुणाची सोयरीक मोडली, कुणाला दिवस गेले, सगळं आधी माझ्या ओट्यावर कळायचं आणि मग घरोघरी जायचं.

आता बायका तळ्यावर जातात.

तळं कसलं, खड्डा आहे. आमची कॉलनी उतारावर. अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी मिळून हे प्लॉट घेतले, वर आमची लाईन, खाली खालची लाईन. मोठा पाऊस झाला की वरच्या रस्त्यांचं पाणी धावत जाऊन खालच्या लाईनीतल्या घरांत शिरायचं. म्हणून महापालिकेने मधल्या मोकळ्या मैदानात तळं खोदलं. रस्त्याचं पाणी आधी त्यात साठायचं आणि मग हळूहळू नाल्यात सोडायचं, अशी योजना. ते ठीक झालं. पण भोवती फरसबंद वाट कशाला? कडुनिंबाखाली लांबलचक बाक कशाला? पाणी काय बाकावर बसतं?

आज पाच वाजता आधण ठेवलं आणि सहा वाजता एकटीने चहा प्यायले.

१९ जून

चावीचं लिहायचं राहिलं. खरी सल तीच आहे.

तळ्यातलं पाणी नाल्यात सोडायला व्हॉल्व्ह आहे. त्याची चावी नळाला पाणी सोडायला येणाऱ्या माणसाकडे असते तसली, हातभर लांब, लोखंडी. मे महिन्यात उद्घाटन झालं तेव्हा इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. तळ्याच्या भिंतीवर पिवळा पट्टा रंगवला आहे. पावसाळा सरेपर्यंत पाणी त्या पट्ट्याच्या खाली ठेवायचं. वरची जागा रिकामी पाहिजे, म्हणजे अचानक आलेलं पाणी तिथे मावेल. मग त्यांनी विचारलं की चावी कोण सांभाळणार. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि चैतालीने हात पुढे केला.

चैताली म्हणजे खालच्या लाईनीतल्या धोंडाबाईंची सून. जिल्हा परिषदेत क्लार्क आहे, चाळिशीची असेल. तिचे सासरे सहादूभाऊ आणि आमचे दीपकराव (वहीत नाव घेतलं तर चालतं) एकाच कारखान्यात होते. सहादूभाऊ आता नाहीत. ओळख जुनी आहे, पण येणं-जाणं असं फारसं नाही. का नाही, ते सांगता यायचं नाही. प्रसंगच आला नाही.

मी तिथे असते तर चावी माझ्याकडेच आली असती. पण त्या वेळी मी घरात साहेबांसाठी चहा गाळत होते.

५ जुलै

तीन दिवस धो धो पाऊस. खालच्या लाईनीत यंदा पाणी शिरलं नाही. त्यामुळे जो तो तळ्याचं कौतुक करतो आहे, म्हणजे पर्यायाने तिचं. पावसात रेनकोट घालून ती व्हॉल्व्ह फिरवत होती म्हणे. कमळाबाई, माझी शेजारीण, माझी सख्ख्या बहिणीसारखी मैत्रीण, मला हे सांगायला मुद्दाम आली. सांगून झालं तरी बसली नाही. गुडघ्यांसाठी चालायचं असतं म्हणाली. इतकी वर्षं गुडघे माझ्या ओट्यावर मांडी घालून बसले, तेव्हा नाही दुखले.

दीपकरावही फितूर झाले आहेत. रोज सकाळी तळ्याला फेऱ्या मारतात. परत आले की व्हॉल्व्ह किती छान बसवला आहे यावर मला व्याख्यान देतात. मी पोहे वाढले, पण वर खोबरं घातलं नाही.

२२ जुलै

आज गेलेच बघायला. मीठ आणायच्या निमित्ताने.

पाणी निम्म्यापेक्षा कमी. कडेला चिखल. एक लांब पायांचा पक्षी चिखलात चोच खुपसून चालत होता आणि चार बायका त्याच्याकडे देव आल्यासारख्या बघत होत्या. त्याचं नाव चैतालीने सांगितलं. ते मी लक्षात ठेवलं नाही. बाकावर कमळाबाई, तिच्या शेजारी धोंडाबाई, पलीकडे अक्काबाई, तिच्या पलीकडे कोपऱ्यातल्या फ्लॅटमधली नवी पंजाबी बाई. कोण कुणाशेजारी बसली आहे याचं कुणाला काही नव्हतं. धोंडाबाई भाजलेल्या शेंगा सगळ्यांना वाटत होती आणि अक्काबाई, जी माझ्याकडे बिस्किटसुद्धा दाढ दुखते म्हणून खायची नाही, ती शेंगा फोडून खात होती.

मला बघून चैताली उठली आणि म्हणाली, बसा ना काकू. मी म्हटलं, मीठ न्यायचंय. घरी आले तेव्हा लक्षात आलं की मीठ आणलंच नाही.

खोटं का लिहू, ती समोर आली की राग येतो. ती काही वाईट बोलत नाही, वाकडं वागत नाही. वागली असती तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट

सुचलं!

पेपरात फोटो होता, कुठल्याशा धरणाचं जलपूजन. भरलेल्या पाण्याला खण, नारळ, साडी. बघता बघता मला माहेर आठवलं. लासलगावजवळ आमच्या गावाला एक बंधारा होता, तो वर्षाआड भरायचा. भरला की आई आणि गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी नटूनथटून जायच्या आणि पाण्याची ओटी भरायच्या. पाणी काठोकाठ आलेलं बघून आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. भर पावसाळ्यात तळं मुद्दाम अर्धं रिकामं ठेवायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते.

तर आपल्या तळ्याचं जलपूजन करायचं. पण ओटी भरलेल्या पाण्याची भरतात, चिखलाची नाही. म्हणजे तळं भरलं पाहिजे. म्हणजे व्हॉल्व्ह बंद पाहिजे.

कमळाबाईला सांगितलं, तिने अक्काबाईला. पाच वाजता सात जणी ओट्यावर! चिखलाचा वास येतो, डास होतात, काठावर उभं राहून फोटो काढावा असं काही दिसत नाही, हे सगळं हळूहळू बाहेर पडलं. म्हणजे त्यांच्याही मनात होतंच. साखर कमी पडली, शेजारून उसनी आणली.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या शेडमध्ये बैठक झाली. अध्यक्ष महेश. हा माणूस मुळात तळ्याच्या विरोधात होता, त्याला तिथे गाड्यांसाठी पार्किंग आणि वर हॉल हवा होता. पण जलपूजनाला नगरसेवक येतील म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

चैतालीने विरोध केला. पिवळा पट्टा, परतीचा पाऊस, इंजिनिअर काय म्हणाले होते, सगळं शांतपणे सांगितलं. पूजा दिवाळीनंतर करू, तेव्हा तळं भरलेलं ठेवायला हरकत नाही, असंही म्हणाली. मी म्हटलं, नवरात्रात करायचं ते नवरात्रातच करायचं, आणि तुमच्यात करत नाहीत म्हणून आम्हीही करू नये असं थोडंच आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "करा की काकू. मी पूजेला नाही म्हणत नाही, पाण्याला नाही म्हणतेय."

हात वर केले. बहुमत आमचं. घट बसेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा, मग चार-पाच दिवसांचाच तर प्रश्न होता, पूजा झाली की चावी परत. चावी चैतालीने स्वतः आणून दिली, पुसून, तेल लावून. व्हॉल्व्ह अर्ध्यावर जरा अडतो, तिथे जोर न लावता थोडा मागे घेऊन पुन्हा फिरवायचा, असं सांगितलं. मी ऐकल्यासारखं केलं.

चावी देवघराशेजारी ठेवली आहे. जड आहे. येता-जाता नजर जाते आणि बरं वाटतं.

२२ सप्टेंबर

गौरी-गणपती झाले, पितृपक्ष सरला, आज घट बसले. ललिता पंचमीला पूजा ठरली आहे. सकाळी व्हॉल्व्ह बंद केला. बघायला दहा-बारा बायका होत्या. चावी लावून फिरवली, काही अवघड नाही.

दीपकराव म्हणाले की हवामान खात्याचा इशारा आहे, जपून. मी विचारलं, हा इशारा तुम्हाला खात्याने दिला की चैतालीने. त्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले.

२६ सप्टेंबर

आजच्यासारखा दिवस कित्येक वर्षांत आला नव्हता.

मधल्या सरींनी तळं असं भरलं की वरच्या पायरीशी पाणी लागलं. पिवळा पट्टा कुठल्या कुठे बुडाला. पाण्यात कडुनिंब दिसत होता, आभाळ दिसत होतं, बायकांच्या साड्यांचे रंग दिसत होते. मी पैठणी नेसले. पहिली ओटी माझी. नारळ, खण, तांदूळ पाण्यात सोडताना मला खरंच भरून आलं. आई असायला हवी होती. नगरसेवक आले नाहीत, पण पेपरवाला आला. शेजारच्या कॉलनीतल्या बायका म्हणाल्या की आम्ही रविवारी सकाळी सगळ्या जणी बघायला येतो, तळं असंच ठेवा.

चैताली पुढे आली नाही, बाजूलाच राहिली. ग्रुपवर फोटो आले ते मी परत परत बघितले. शंभरेक तरी आहेत, एकापेक्षा एक सुंदर. मी तर कधी नव्हे इतकी चांगली आले आहे. तिचा मात्र एकाही फोटोत पत्ता नाही. कुणी काढले कोण जाणे. पण बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

ठरल्याप्रमाणे आज व्हॉल्व्ह उघडून चावी परत द्यायची होती. पण उद्या त्या बायका यायच्या आहेत. एका दिवसाने काय होतं? दीपकराव लासलगावला पुतण्याच्या साखरपुड्याला गेले, त्यामुळे घरात टोकायला कोणी नव्हतं.

दुपारपासून पाऊस आहे. चारला चैताली आली, छत्री घेऊन फाटकाशी उभी. चावी द्या म्हणाली. मी उद्या दुपारी म्हटलं. ती म्हणाली की पाणी वरच्या पायरीच्याही वर आलंय, रात्रीतून वाढलं तर खालच्या लाईनीचं काही खरं नाही. मी म्हटलं, पाऊस काय आज पहिल्यांदा पडतोय? ती म्हणाली, मी नेत नाही चावी, तुम्हीच चला, तुम्हीच उघडा, मी नुसती सोबत येते.

तेवढ्यावर मी गेले असते. पण तिचा तो समजूत घालण्याचा सूर. तिला सगळं कळतं, मला काही कळत नाही, आणि तरी ती मला सांभाळून घेते आहे! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता सोमवारपर्यंत चावी मिळायची नाही, आणि आत आले.

खिडकीतून पाहिलं. बराच वेळ ती तिथेच उभी होती.

२८ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

पहाटे आवाजाने जाग आली. दार उघडलं तर रस्त्यावरून ओढा वाहत होता. तळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती, सगळं पाणी काठावरून उसळून सरळ खालच्या लाईनीत. मी चावी घेतली आणि तशीच गाऊनवर पळाले. गुडघाभर पाण्यात चाचपडून व्हॉल्व्हला चावी लावली. अर्ध्यावर अडली. मी जोर लावला, आणखी लावला, आणखी घट्ट बसली. ओरडले. चैताली आणि तिचा नवरा बुद्धभूषण धावत आले. ती माझ्यावर ओरडली नाही. माझ्या हातावर हात ठेवून चावी मागे घेतली आणि मग फिरवली. पाणी नाल्यात जायला लागलं, पण घरं भरायची ती भरलीच होती. गाद्या, पिठाचे डबे, फ्रिज, पोरांची पुस्तकं.

बुद्धभूषणने धोंडाबाईला पाठीवर घेऊन आणलं. सगळ्यात उंच आणि जवळ आमचंच घर, म्हणून खालच्या लाईनीतले सगळे आमच्या ओट्यावर आले. मी चहा टाकला, खिचडी टाकली, कपाटातल्या चादरी काढल्या. धोंडाबाई ओट्यावर न येता खालच्या पायरीवरच बसली, पावसाचे शिंतोडे उडत होते तरी. ऐंशीच्या घरातलं माणूस, कुडकुडत होती. मी दोनदा म्हटलं, वर या. मान हलवली आणि तिथेच बसली. तिला सवय नसावी.

कुणीतरी चिडून विचारलं की तळं असून असं झालंच कसं. मी गॅसपाशी होते, खिचडी हलवायची राहिली. चैताली केस पिळत म्हणाली, "चावी जाम झाली होती."

एवढंच. खिचडी खाली लागली.

३० सप्टेंबर

दोन दिवस ओटा भरलेला आहे. पाच वाजायच्या आधीच बायका येतात. तळ्यावर कुत्रं फिरकत नाही. चिखल, वाहून आलेल्या पिशव्या, एक मेलेलं मांजर. महेशने संधी साधली. महापालिकेला अर्ज तयार आहे, तळं धोक्याचं आहे, बुजवा आणि जागा पार्किंग-हॉलसाठी द्या. सह्या घ्यायला तो माझ्याच ओट्यावर आला. कमळाबाईने सही केली. अक्काबाईने केली. खालच्या लाईनीतल्या काही जणांनीसुद्धा केली.

मी म्हटलं, चष्मा सापडत नाही, नंतर करते.

आनंद झाला का? हो, झाला. तळं जाणार, बाक जाणार, सगळं पहिल्यासारखं होणार. तीन महिने मी याहून वेगळं काय मागत होते? पण ताटातलं तसंच राहतं. आणखी एक गोष्ट. इतक्या बायका इतकं बोलतात, पाऊस, चिखल, महापालिका, इंजिनिअर, सगळ्यांना शिव्या घालून होतात. चावीचं नाव मात्र कोणी काढत नाही. विसरल्या असतील.

धोंडाबाईला ताप आहे.

१ ऑक्टोबर

चैताली आली. आज फाटक उघडून आत आली आणि बसली नाही.

म्हणाली, "काकू, तळं बुजवलं तर पुढच्या पावसात पाणी पुन्हा आमच्या घरात. रविवारी बैठक आहे. मी बोलले तर लोक म्हणतील, चावी काढून घेतली म्हणून खार खाते. तुम्ही बोललात तर ऐकतील."

मी विचारलं, मी काय बोलू?

"ते तुम्हाला माहीत आहे."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिला सासूचं औषध आणायचं होतं, ती गेली. मी दार लावून रडले. तिच्यासाठी नाही. राग आला होता म्हणून.

दीपकरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की मला माहीत होतं. कधीपासून विचारलं, तर म्हणाले, लासलगावहून आलो त्या दिवशी तुझा चेहरा बघितला तेव्हापासून. आणि पेपर उघडून बसले. हा माणूस चाळीस वर्षं मशीन दुरुस्त करत आला, बायकोला जरा दुरुस्त करावी असं कधी वाटलं नाही.

५ ऑक्टोबर

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

महेशने अर्ज वाचून दाखवला. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. मी दोन्ही हात गुडघ्यावर दाबून बसले होते. चैताली मागच्या रांगेत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या मनात आलं, नाही बोललीस तर काय होईल? काहीच नाही. तळं जाईल आणि पाच वाजता ओटा भरेल. हेच तर हवं आहे. आणि मग त्या ओट्याच्या पायरीवर बसून कुडकुडणारी म्हातारी दिसली आणि मी उभी राहिले.

"व्हॉल्व्ह मी बंद ठेवला होता. पूजा झाल्यावरही उघडला नाही. शनिवारी चैताली चावी मागायला आली, ती मी दिली नाही. तळ्याचा काही दोष नाही. ते बुजवू नका."

मला वाटलं होतं गलका होईल. काही झालं नाही. मग कमळाबाई म्हणाली, "ते माहीत हे गं आम्हाला."

मी विचारलं, चैतालीने सांगितलं?

"तिनं कशाला सांगायचं? चावी तुझ्याकडं होती, ते साऱ्या कॉलनीनं पाह्यलं होतं. पण तुझं नाव कोण घेणार? वीस वर्षं तुझा चहा पेलोय आम्ही."

मी खाली बसले. म्हणजे त्या सगळ्या, ओट्यावर बसून इंजिनिअरला शिव्या घालताना, सगळ्या जणींना माहीत होतं. माझं नाव ओठांवर येऊ नये म्हणून त्या अख्खं तळं बुजवायला निघाल्या होत्या. खालच्या लाईनीतल्या माणसांनीसुद्धा माझ्या भिडेपोटी स्वतःच्या घरात पाणी घ्यायची तयारी केली होती. इतकी भीड! मला आधी वाटलं ही माझी किंमत. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महेश म्हणाला, आता एवढ्या सह्या झाल्यात तर. अक्काबाई उठली, त्याच्या हातातला कागद घेतला आणि आपली सही खोडली. मग बाकीच्यांनी. चावी चैतालीकडे. यापुढे पिवळ्या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही, पूजा दिवाळीनंतर. पूजा करायची हे चैतालीच म्हणाली. इथेही तिने मला मागे टाकलं. माफ करण्यातसुद्धा हिचाच नंबर पहिला!

१२ ऑक्टोबर

आठवडा झाला, ओट्यावर कोणी नाही. रागाने नाही. कमळाबाई रोज फाटकातून हाक मारते, जेवलीस का विचारते आणि पुढे जाते. तळ्याची साफसफाई चालली आहे. इथवर हसणं ऐकू येतं. मी टीव्ही मोठ्याने लावते.

आज संध्याकाळी धोंडाबाई आली. ताप उतरलाय, पण वाळली आहे. काठी टेकत फाटकाशी उभी राहिली. मी लगबगीने उठले. म्हटलं, अहो या, वर या, बसा, चहा टाकते. माफी मागायची म्हणून सकाळपासून मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एक आठवेना.

ती म्हणाली, "नाय बाई. लय वर्सं या फाटकाशी उभी राहून बोलले. आता पाय थकले. तिकडं बाक हाय. तूच चल."

ओट्याला दोनच तर पायऱ्या आहेत. पण वय झालं, चढवत नसेल बिचारीला. एवढं बोलून ती चालूसुद्धा लागली, माझी वाट न बघता. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि तिच्या मागून गेले. उतारावर तिचा हात धरला. तिने धरू दिला.

पाणी पट्ट्याच्या खाली होतं. कडेला चिखल आणि तो लांब पायांचा पक्षी. मला बघून कमळाबाईने हात केला आणि तिच्या गुडघ्यांचं पुढे सांगू लागली. चैतालीने सरकून माझ्यासाठी जागा केली. जागा केली म्हणजे काही उपकार केले नाहीत. बाक तिच्या मालकीचा नाही, महापालिकेचा आहे. मी बसले.